हजेरीपट आणि केसपेपर

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा त्यांची अपेक्षा हिवताप, सर्पदंश किंवा रक्तक्षय अशा एखाद्या विषयाची होती. परसवाड्यासारख्या ठिकाणी इतकी वर्षे काढलेल्या वैद्यकाने त्यावर लिहावे हे स्वाभाविकच. परंतु आपल्या मंडळाच्या स्नेहमेळाव्यांत गेली काही वर्षे मी पाहतो आहे, की जेवणानंतरच्या गप्पा रुग्णांवरून फार लवकर नोटिशीवर आणि वकिलावर येतात. गेल्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या म्हटल्यावर त्यात कर्मचाऱ्यांचीही भर पडली होती. "आता दवाखाना चालवायचा की कचेरी?" असा प्रश्न एका ज्येष्ठ सहव्यवसायी मित्राने केला आणि सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी आल्यावर मात्र त्या होकाराची मला लाज वाटली. ती का वाटली, हे सांगण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट अशी, की हे कायदे कोणी परदेशातून आणून आपल्या माथी मारले, ही आपली समजूत खरी नाही. भारतीय वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्यात आजही ज्याचा दाखला दिला जातो तो खटला अगदी मराठी मुलखातला आहे. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाचे मांडीचे हाड मोडले. त्याला सुमारे दोनशे मैल मोटारीने पुण्यास नेण्यात आले आणि तेथील रुग्णालयात उपचार सुरू झाल्यावर त्याच दिवशी रात्री तो दगावला. भूल न देता, केवळ मॉर्फियावर, जोर लावून हाड ओढून बसविले व त्याच्या धक्क्याने मृत्यू आला, हे न्यायालयांनी मान्य केले. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने तो १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. भरपाई होती तीन हजार रुपये. परंतु त्या निकालाने वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करावा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी. ग्राहक संरक्षण कायदा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो आला १९८६ साली, आणि डॉक्टर त्याच्या कक्षेत येतात हे १३ नोव्हेंबर १९९५ रोजीच्या शांता खटल्यात ठरले. पायाचा दगड त्याआधी पुण्यातच बसविला गेला होता.

नोकरांच्या कायद्याचेही तसेच. मुंबईच्या जे. जे. समूह रुग्णालयांतील वॉर्डात काम करणाऱ्या दोन स्त्रियांना कामावरून कमी केले गेले. नुकसानभरपाई दिली नव्हती. रुग्णालय हा काही उद्योग नव्हे, येथे औद्योगिक कायदा लागूच होत नाही, असा मुंबई सरकारचा बचाव होता. न्या. गजेंद्रगडकरांनी १९६० च्या निकालात तो फेटाळला. मध्ये १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने उलट मत दिले, १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्याने पुन्हा पहिले मत उचलून धरले. या दोन स्त्रियांची आठवण मी मुद्दाम करून देतो. आपल्या सभांत रुग्णांच्या कायद्याविषयी तासन् तास बोलले जाते. रात्रपाळीच्या मावशीचा कायदा मात्र कोणाच्या तोंडी येत नाही.

आता माझी स्वतःची हकीगत सांगतो.

काही वर्षांपूर्वी भर रोवणीच्या दिवसांत मला एक पाकीट आले. ताप व झटके येणाऱ्या एका रुग्णाला मी प्राथमिक उपचार करून गोंदियास पाठविले होते. पुढे तो वाचला, परंतु बराच काळ अंथरुणावर होता. त्याचा मुलगा नागपुरात नोकरीस. त्याने तेथेच तक्रार केली होती. २०१९ च्या नव्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, तक्रारदाराला आपण राहतो किंवा काम करतो त्या गावी तक्रार करता येते, हे मला माहीत नव्हते. पूर्वी साधारणपणे सेवा देणाऱ्याच्या किंवा घटना घडल्याच्या गावी जावे लागे. आपल्या जिल्ह्यातील किती तरुण नागपूर, रायपूर, हैदराबादला आहेत हे आपण जाणतोच. तेव्हा परसवाड्यात दिलेल्या सलाईनचा जबाब उद्या हैदराबादला द्यावा लागू शकतो.

मी ते पाकीट टेबलाच्या खणात टाकले. रुग्ण पुष्कळ होते, वीज जात-येत होती, आणि खरे सांगायचे तर मला राग आला होता. ज्याला वाचविले त्याच्या मुलाने ही परतफेड करावी! महिनाभराने एका परिचित वकिलांना सहज विचारले तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. उत्तर देण्यास तीस दिवस, आयोगाने दिले तर आणखी पंधरा, त्यापुढे एक दिवसही नाही. ४ मार्च २०२० रोजी घटनापीठाने ते कायमचे पक्के केले आहे. आम्ही धावाधाव करून मुदत वाढवून घेतली आणि एक्केचाळिसाव्या दिवशी उत्तर दाखल केले.

उपचारांत चूक आढळली नाही. दिलेली औषधे, पाठविण्याची वेळ, सोबत दिलेली चिठ्ठी सारे योग्य ठरले. तरीही मला पंधरा हजार रुपये द्यावे लागले. कारण इतकेच, की त्या मुलाने केसपेपरची प्रत मागितली होती आणि मी ती दिली नव्हती. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाची कागदपत्रे मागितल्यापासून बहात्तर तासांत द्यावयाची असतात. माझ्या कंपाउंडरने "डॉक्टरसाहेब बाहेरगावी आहेत, नंतर या" असे तीन वेळा सांगून त्याला परत पाठविले होते. ते सांगण्यास त्याला मीच शिकविले होते. तो मुलगा भांडायला आलेला नव्हता. गोंदियाच्या डॉक्टरांना दाखवायला त्याला कागद हवा होता. तिसऱ्या खेपेनंतर त्याला वाटले की येथे काहीतरी लपविले जात आहे. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटले असते.

तेव्हापासून मी नोंदीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. नियम तीन वर्षे जपण्याचा आहे, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. लहान मुलांचे व बाळंतपणाचे कागद मी त्याहून पुष्कळ अधिक काळ ठेवतो. उंदीर आणि वाळवी यांच्याविरुद्ध पत्र्याच्या पेटीहून चांगला वकील मला अद्याप भेटलेला नाही.

आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा वाटावा असा आणखी एक निकाल आहे. हैदराबादच्या एका रुग्णालयात २००२ साली थंडीताप असलेल्या स्त्रीवर विषमज्वराचे उपचार झाले, तिला हिवताप होता, आणि ती दगावली. जिल्हा मंचाने दोन लाख रुपये दिले. वरच्या पायऱ्यांवर तो आदेश रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये तो पुन्हा कायम केला आणि प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही, असे म्हटले. म्हणजे चूक उघड दिसत असेल तर दुसऱ्या डॉक्टरने येऊन सांगण्याची वाट आयोग पाहणार नाही. बैहर, परसवाडा, लांजी या पट्ट्यात पावसाळ्यात येणाऱ्या प्रत्येक तापाला रक्ताची काच केली आणि तिची नोंद ठेवली, तर एवढ्याने किती रुग्ण आणि किती डॉक्टर वाचतील याचा विचार आपण करावा. वैद्यकशास्त्र तेच सांगते. कायदा येथे वेगळे काही मागत नाही.

संमतीपत्राचे मात्र मला खरोखर दुःख आहे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईला विचारून काढणे योग्य नव्हे. संमती रुग्णाचीच हवी, आणि काय करणार हे समजावून घेतलेली हवी. आता आपले वास्तव पाहा. इंग्रजीत किंवा हिंदीत छापलेला, नागपूरहून आणलेला एक गठ्ठा, त्यावर नवऱ्याचा अंगठा, आणि जिच्यावर शस्त्रक्रिया व्हायची ती बैगा किंवा गोंड स्त्री पलीकडे बाकावर निमूटपणे बसलेली. असले शेकडो अंगठे मी घेतले आहेत. त्यांतला एकही आयोगासमोर टिकला नसता, आणि तो टिकू नये, असे आज माझे मत आहे. ज्या परिचारिकेला गोंडी येते तिने पाच मिनिटे बसून समजावावे, तिचे नाव व सही कागदावर यावी, रुग्णेचा अंगठा तिच्याच हाताचा असावा. याला यंत्र लागत नाही. पाच मिनिटे लागतात, आणि ती मिळत नाहीत ही आपली अडचण खरी आहे, पण ती रुग्णेची नव्हे.

काही मित्रांचे म्हणणे असे, की वकिलांना सूट मिळाली, मग आम्हांलाच का नाही? १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली हे खरे. त्याच निकालात शांता खटल्याचा फेरविचार व्हावा असेही म्हटले होते. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात मोठ्या पीठाने त्या फेरविचाराची आवश्यकता नाही असे सांगून तो विषय मिटविला. २०१९ च्या कायद्याच्या मसुद्यातून 'आरोग्य' हा शब्द वगळला गेला, म्हणून आपण सुटलो, हा युक्तिवादही मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये नाकारला. तेव्हा सुटकेच्या आशेवर मंडळाचा वेळ व वर्गणी खर्च करू नये. आणि सूट मिळाली असती तरी ती मी मागितली नसती. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या शुल्काच्या सेवेसाठी तक्रारीची फी लागत नाही. भरपाईची मागणी कितीही मोठी असली तरी आयोग कोणता हे रुग्णाने भरलेल्या पैशावर ठरते, म्हणून आपली सारी प्रकरणे जिल्हा आयोगातच येतील. तेंदूपत्ता तोडून पोट भरणाऱ्याला दिवाणी दावा परवडणारा नाही. ही एक खिडकी त्याला उघडी आहे. ती बंद झाली तर तो दगडच हाती घेईल, आणि तोही आपण पाहिला आहे.

माझी कायद्याविषयी तक्रार निराळीच आहे. भीतीने काय होते, याचा हिशेब कोणताही आयोग ठेवत नाही. मी स्वतः त्या नोटिशीनंतर वर्षभर जरा अवघड दिसणारा रुग्ण दाराशीच पुढे पाठवीत होतो. कागदोपत्री ते निर्दोष होते. पावसात तो रस्ता किती वेळ घेतो हे मला माहीत होते, नातलगांना गाडीचे भाडे कोठून आणावे लागते हेही माहीत होते. पालशेतच्या निकालातील पहिले कर्तव्य, रुग्ण घ्यावा की नाही ते काळजीपूर्वक ठरविणे, मी त्या वर्षी स्वतःच्या काळजीने ठरवीत होतो. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली न्यायालयाने सांगितले आहे, की सामान्य कुशल वैद्याची कसोटी लावावी, सर्वश्रेष्ठाची नव्हे. आणि जे उपकरण त्या काळी सर्वसाधारणपणे उपलब्ध नव्हते ते वापरले नाही म्हणून दोष देऊ नये. हे वाचल्यावर मला धीर आला. तो दहा वर्षे आधी आला असता तर बरे झाले असते.

मात्र त्या धीरालाही कुंपण आहे. पूनम वर्मा खटल्यात १९९६ साली होमिओपॅथीची पदविका असलेल्याने ॲलोपॅथीचे उपचार केले, तो निष्काळजीपणाच ठरला. रात्रपाळीला आपण कोणाला बसवितो, आणि त्याच्याकडून कोणती इंजेक्शने देववितो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. तो आपला नोकर, म्हणून त्याची चूक आपल्याच नावावर पडते.

येथेच रुग्णाचा कायदा आणि नोकराचा कायदा एकमेकांस भेटतात. शांता खटल्यात डॉक्टरांचा बचाव असा होता, की आमची सेवा 'वैयक्तिक सेवेचा करार' आहे, म्हणून कायद्याबाहेर. न्यायालय म्हणाले, वैयक्तिक सेवेचा करार म्हणजे मालक आणि चाकर यांचा; डॉक्टर रुग्णाचा चाकर नाही. मला हे वाचून जरा गंमत वाटली. रुग्णासमोर चाकर होण्यास निघालेले आपण, आपल्याकडील खऱ्या चाकरांना मात्र कागदावर चाकर म्हणायला तयार नसतो! ते 'मदतीला येतात', 'घरच्यासारखे आहेत', 'शिकायला ठेवले आहे'.

माझ्या हजेरीपटावर कैक वर्षे नऊ नावे होती. प्रत्यक्षात बारा माणसे होती. दहाचा आकडा गाठला की उपदान, प्रसूतिरजा, कर्मचारी विमा सारे मागे लागते, म्हणून नऊ. ही युक्ती मला कोणी शिकविली हे सांगत नाही, आपल्यातील बहुतेकांना ती ठाऊक आहे. ती निरुपयोगीही आहे. उपदानाचा १९७२ चा कायदा मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा माणसे होती का एवढेच पाहत असे, आणि एकदा लागू झाला की संख्या घटली तरी सुटका नसे.

त्या न लिहिलेल्या तिघांत एक मावशी होत्या. बावीस वर्षे. माझ्या दवाखान्यात जन्मलेल्या निम्म्या मुलांना पहिली आंघोळ त्यांनी घातली. त्यांच्या मुलाला शिक्षणासाठी बँकेचे कर्ज हवे होते, तेव्हा त्या वेतनाचा दाखला मागायला आल्या. मी टाळाटाळ केली. त्यांनी टेबलावर उघडा पडलेला हजेरीपट पाहिला. अक्षरे त्यांना फार येत नव्हती, पण स्वतःचे नाव ओळखता येत होते. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यात मी कुठंच नाही का जी?"

त्या आवाजात तक्रार नव्हती. मी काही उत्तर दिले, ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिघांची नावे चढविली. पगार रोखीऐवजी बँकेत जाऊ लागला. दाखला दिला. मावशी निवृत्त झाल्या तेव्हा हिशेब केला: शेवटचे वेतन बारा हजार, भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले बावीस, रुपये १,५२,३०८. ती रक्कम एकदम काढताना माझी ओढाताण झाली हे कबूल करतो. दरमहा सातशे रुपये बाजूला ठेवले असते तर व्याजासह ती सहज जमली असती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतले आपल्यापुरते एवढेच सांगतो. वेतनसंहिता माणसांची संख्या पाहत नाही, ती सर्वांना आहे. पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडणाऱ्याचा हिशेब दोन दिवसांत. जादा कामाला दुप्पट दर. मूळ वेतन लहान दाखवून बाकी भत्त्यांत घालण्याची रीतही संपली, भत्ते निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, आणि उपदान त्यावरच मोजतात. ठरावीक मुदतीच्या नोकराला एका वर्षानंतरही उपदान मिळते. दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे नियुक्तिपत्र देणे भाग आहे. स्त्रियांना रात्रपाळी त्यांच्या संमतीने व सुरक्षेच्या सोयीसह देता येते. परिचारिकेला रात्री दोन वाजता घरी पायी पाठविणे यात बसत नाही, ते पूर्वीही बसत नव्हते. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरचा खासगी दवाखाना मुंबईच्या दुकान कायद्याखालील 'व्यापारी आस्थापना' नव्हे असे म्हटले होते, त्याचा आधार काही मित्र आजही घेतात. नव्या व्याख्येत उपजीविकेचा व्यवसायही आला आहे. तो आधार आता पोकळ आहे.

सीमेवर राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक सावधगिरी. आपले सोयरे गोंदिया, भंडारा, नागपूरला. १९५६ पर्यंत आपण एकाच प्रांतात होतो आणि नागपूर आपली राजधानी होती. त्यामुळे तिकडच्या सहव्यवसायींनी दिलेले छापील नमुने आपण डोळे झाकून वापरतो. परंतु महाराष्ट्राचा २०१७ चा दुकान कायदा कमी नोकरांच्या आस्थापनेला नोंदणीतून मोकळे करतो, म्हणून आपला गुमाश्ता माफ होत नाही. येथे मध्यप्रदेशचा १९५८ चा कायदा पाहावा. शुश्रूषागृहाची नोंदणी तिकडे १९४९ च्या कायद्याखाली, आपली १९७३ च्या. श्रमसंहितांचे नियमही प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते. भोपाळचे राजपत्र पाहावे, नागपूरच्या मेहुण्यांचा सल्ला नव्हे.

हे सारे केल्याने खर्च वाढतो आणि तो शेवटी रुग्णाच्या खिशातून येतो, हा आक्षेप मी स्वतःलाही घेतला. माझी तपासणी फी मी वीस रुपयांनी वाढविली. दोन-चार जण कुरकुरले. परंतु इतकी वर्षे माझी फी स्वस्त राहिली ती माझ्या त्यागामुळे, असे मी समजत होतो. त्यातला काही भाग मावशींच्या खिशातून येत होता.

मंडळाने आता काय करावे याविषयी माझी सूचना लहान आहे. वर्गणीतून एका वकिलांना वर्षाचे मानधन द्यावे, म्हणजे नोटिशीचे पाकीट खणात पडून राहणार नाही. व्यावसायिक विमा सामुदायिक घ्यावा. संमतीपत्र, केसपेपरच्या प्रतीची पोच आणि नियुक्तिपत्र असे तीन नमुने मध्यप्रदेशच्या कायद्याप्रमाणे मराठीत व हिंदीत एकदाच करून घ्यावेत. त्यांचे कच्चे मसुदे माझ्याजवळ तयार आहेत, वार्षिक सभेस घेऊन येतो. सभासदांनी त्या दिवशी आपल्याकडील गोंडी व बैगानी जाणणाऱ्या परिचारिकांनाही सोबत आणावे, कारण संमतीपत्र तोंडी कसे समजवावयाचे ते त्यांनाच ठरवायचे आहे. त्या दिवसाची त्यांची हजेरी मात्र पूर्ण पगारी धरावी.